हवामान परिषदेचा निर्णय स्वतः कसा वाचावा

दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास भरणारी संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद ठरलेल्या वेळेपेक्षा एक-दोन दिवस लांबून पहाटे केव्हातरी संपते, आणि दुसऱ्या दिवशी एकाच निर्णयाविषयी ‘ऐतिहासिक करार’ आणि ‘गरीब देशांचा विश्वासघात’ असे दोन मथळे शेजारीशेजारी वाचायला मिळतात. दोन्ही मथळे देणाऱ्यांनी मजकूर वाचलेला असतो, असे नाही. आणि ज्यांनी वाचलेला असतो, त्यांनाही त्यातले आपल्या सोयीचे वाक्य उचलणे सोपे जाते, कारण ते दस्तऐवज मुद्दामच तसे लिहिलेले असतात. सुमारे दोनशे पक्षकारांना, म्हणजे करारात सामील असलेल्यांना, जो मजकूर मान्य व्हायचा आहे, त्यात प्रत्येकाला घरी जाऊन दाखवता येईल असे काहीतरी असावेच लागते.

म्हणून तो मूळ मजकूर स्वतः वाचणे हाच मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. कायद्याची पदवी त्यासाठी लागत नाही. शाळेत वाक्याचे व्याकरण चालवायला लावत, तीच पद्धत पुरते: क्रियापद शोधावे, मग कर्ता शोधावा, मग कर्म तपासावे, आणि शेवटी विशेषणे व क्रियाविशेषणे यांनी त्या वाक्यातून किती अर्थ काढून घेतला आहे हे पाहावे. श्रीमंत आणि विकसनशील देशांमधले तीस वर्षांचे भांडण या चार जागांवरच झालेले आहे.

आधी योग्य कागद हाती घ्या

परिषदेच्या दोन आठवड्यांत एकाच आवारात खरे तर तीन सभा चालतात: १९९२ च्या आराखडा कराराच्या (हवामान बदलावरील मूळ कराराच्या) पक्षकारांची, १९९७ च्या क्योटो कराराच्या पक्षकारांची आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या पक्षकारांची. तिन्हींचे निर्णय वेगळ्या क्रमांकांनी निघतात. बातमीत सगळ्याला ‘कॉपचा निर्णय’ म्हणतात; कॉप हे ‘पक्षकारांची परिषद’ या इंग्रजी नावाचे लघुरूप. पण अलीकडचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय, उदाहरणार्थ २०२३ चा दुबईतील जागतिक आढावा (कराराच्या उद्दिष्टांकडे जग किती सरकले याचा हिशेब) किंवा २०२४ मध्ये अझरबैजानमधील बाकूत ठरलेले वित्तीय उद्दिष्ट, पॅरिस कराराच्या सभेचे आहेत. हा फरक कारकुनी वाटतो, पण जो देश पॅरिस करारातून बाहेर पडतो तो त्या सभेत पक्षकार राहत नाही, हे लक्षात घेतले की तो कारकुनी राहत नाही. अमेरिका २०२० च्या नोव्हेंबरात अशी बाहेर पडली, २०२१ च्या फेब्रुवारीत परत आली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

कराराचा कारभार पाहणाऱ्या सचिवालयाच्या संकेतस्थळावर परिषदेच्या अध्यक्षांनी मांडलेला मसुदा, त्याच्या सुधारित आवृत्त्या आणि स्वीकारलेला निर्णय असे सगळेच कागद असतात. वाचायचा तो स्वीकारलेला निर्णय, आणि बाजूला ठेवायचा तो त्याच्या आधीचा शेवटचा मसुदा. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यास शेवटच्या रात्री काय गळले आणि काय घुसले ते दिसते. मसुद्यात चौकटी कंस दिसले तर घाबरू नये. कंसातला शब्द म्हणजे ज्यावर अजून एकमत नाही असा शब्द, एवढाच त्याचा अर्थ. कंसांची संख्या घटत गेली म्हणजे वाटाघाटी पुढे सरकत आहेत, असे समजले जाते.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे लागते, कारण इथे अनुभवी वाचकही फसतो. परिषदेच्या पहिल्या काही दिवसांत मोठमोठ्या घोषणा होतात. २०२१ मध्ये ग्लासगोत मिथेनचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या पुढाकाराने झाली. ती महत्त्वाची आहेच. पण ती परिषदेचा निर्णय नाही. ज्या देशांनी सही केली त्यांच्यापुरती ती आहे, आणि तिचा हिशेब मागण्याची कोणतीही यंत्रणा करारात नाही. घोषणापत्र, अध्यक्षांचे निवेदन, आघाडीची प्रतिज्ञा आणि निर्णय हे चार वेगळे कागद आहेत. पैकी शेवटच्यावरच सर्व पक्षकारांची संमती असते.

क्रियापद

परिषदेच्या निर्णयात प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात क्रियापदाने होते, आणि या क्रियापदांची उतरंड ठरलेली आहे. ‘निर्णय घेते’ सर्वांत वर. त्याखाली ‘विनंती करते’, त्याखाली ‘आग्रह धरते’, मग ‘आवाहन करते’, मग ‘निमंत्रित करते’ आणि ‘प्रोत्साहन देते’; ‘स्वागत करते’, ‘मान्य करते’, ‘नोंद घेते’ ही क्रियापदे तर कोणाला काही करायलाच सांगत नाहीत.

मराठी वाचकाची इथे पहिली फसगत होते. आपल्याकडे विनंतीपेक्षा आग्रह जोरकस; संयुक्त राष्ट्रांच्या भाषेत नेमके उलटे आहे. तिथे विनंती म्हणजे सभ्य शब्दांत दिलेली सूचना. ग्लासगोच्या पहिल्या मसुद्यात देशांनी २०३० ची आपापली उद्दिष्टे पुढच्या वर्षाअखेर पुन्हा तपासावीत असा ‘आग्रह’ होता, नंतरच्या मसुद्यात तिथे ‘विनंती’ आली. मसुदा मवाळ झाल्याची टीका तेव्हा झाली. प्रत्यक्षात तो कडक झाला होता.

दुसरी फसगत याहून खोल आहे. करारांच्या कलमांत ‘शॅल’ आणि ‘शुड’ या दोन इंग्रजी क्रियापदांतला भेद कळीचा असतो: पहिले बंधन घालते, दुसरे केवळ अपेक्षा व्यक्त करते. यांचे सरळ मराठी रूप ‘करतील’ आणि ‘करावे’ असे होते. पण ‘अर्ज विहित नमुन्यात सादर करावा’ हे वाक्य वाचत वाढलेल्या माणसाला ‘करावे’ हाच हुकूम वाटतो आणि ‘करतील’ हे नुसते भाकीत. तेव्हा मराठी अनुवाद वाचताना ‘करावे’ दिसले की मूळ इंग्रजी शब्द एकदा पाहून घ्यावा, हा नियम मी तरी मोडत नाही.

या एका शब्दावर किती अवलंबून असते, ते पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी दिसले. अंतिम मसुद्याच्या चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी निरपेक्ष कपातीची उद्दिष्टे घेण्याविषयी ‘शॅल’ छापले गेले होते, आणि त्याच परिच्छेदात विकसनशील देशांसाठी ‘शुड’ होते. पहिला शब्द तसाच राहिला असता तर अमेरिकेच्या प्रशासनाला करार सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो संमत होण्याची शक्यता जवळपास नव्हती. याच सिनेटने १९९७ मध्ये, क्योटोच्या काही महिने आधी, विकसनशील देशांवर बंधने नसलेल्या कोणत्याही करारात देशाने पडू नये असा ठराव ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला होता. पॅरिसची शेवटची बैठक तासाहून अधिक लांबली. मग सचिवालयाच्या अधिकाऱ्याने काही किरकोळ तांत्रिक दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्यांत ‘शॅल’ ऐवजी ‘शुड’ ही एक होती, आणि निर्णय स्वीकारल्याची खूण म्हणून अध्यक्षांचा हातोडा पडला. जगातल्या सर्वांत मोठ्या पर्यावरणीय करारातील एक मुख्य बंधन छपाईची चूक म्हणून निघून गेले. विकसनशील देशांनी ते खपवून घेतले, कारण अमेरिकेशिवायचा करार म्हणजे काय हे त्यांनी क्योटोनंतर पाहिले होते.

उतरंडीच्या तळाचेही एक उदाहरण ध्यानात ठेवावे. २००९ मध्ये कोपनहेगनला मोजक्या देशांनी मिळून समझोता तयार केला, पण सर्वसाधारण सभेत काही देशांनी तो स्वीकारायला नकार दिला, तेव्हा परिषदेने त्याची फक्त ‘दखल घेतली’. विकसित देशांनी २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर जमवायचे, हा पुढे पंधरा वर्षे गाजलेला आकडा प्रथम आला तो या न स्वीकारलेल्या कागदात. पुढच्या वर्षी मेक्सिकोतील कानकुनमध्ये तो रीतसर निर्णयात गेला.

कर्ता

क्रियापद कळले की विचारायचे: कोणी? आपल्या बातम्यांत ‘विकसनशील देशांसाठी निधी उभारला जाणार’ अशी कर्मणी वाक्ये असतात आणि त्यांत कर्ता नाहीसा होतो. निर्णयातला कर्ता मात्र शब्दागणिक तोलून घेतलेला असतो.

याची मुळे १९९२ मध्ये आहेत. त्या वर्षीच्या आराखडा कराराने ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या आणि आपापल्या क्षमता’ हे तत्त्व मांडले: वातावरण सर्वांचे, पण ते बिघडवण्यात वाटा वेगवेगळा आणि निस्तरण्याची ऐपतही वेगवेगळी. त्यासाठी कराराला परिशिष्टे जोडली. पहिल्यात औद्योगिक देश आणि पूर्वीच्या सोव्हिएत गटातले देश. दुसऱ्यात त्यांपैकी फक्त श्रीमंत देश, ज्यांनी इतरांना पैसा आणि तंत्रज्ञान द्यायचे. चौथ्या कलमाने तर स्पष्टच म्हटले, की विकसनशील देश आपली वचने किती पाळतील हे विकसित देश पैसा आणि तंत्रज्ञानाचे आपले वचन किती पाळतात त्यावर अवलंबून राहील. विकसनशील देशांचे प्रतिनिधी आजही दर परिषदेत ज्याकडे बोट दाखवतात ते वाक्य हे.

अडचण अशी, की ती यादी १९९२ ची आहे. दक्षिण कोरिया, सिंगापूर, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती हे देश दात्यांच्या परिशिष्टात नाहीत. चीनही नाही, जो आता वार्षिक उत्सर्जनात पहिला आहे. श्रीमंत देश म्हणतात, जग बदलले, यादी बदला. विकसनशील देश म्हणतात, आजवर साचलेल्या कर्बवायूचा हिशेब बदललेला नाही, आणि यादी उघडली की जुनी देणी बुडवायला वाट मिळेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दुसरे अधिक पटते ते मागचा अनुभव पाहून. पॅरिस कराराने या पेचावर उत्तर न देता तो झाकला: करारात ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ हे शब्द आहेत, परिशिष्टांचा उल्लेख नाही, आणि कोणाला काय म्हणायचे याची व्याख्याही नाही.

आता नववे कलम वाचावे. पहिला परिच्छेद: विकसित देश विकसनशील देशांना वित्तसाहाय्य ‘देतील’, इथे ‘शॅल’ आहे. दुसरा: इतर पक्षकारांना असे साहाय्य स्वेच्छेने देण्यास ‘प्रोत्साहन दिले जाते’. तिसरा: जगभरातील प्रयत्नांचा भाग म्हणून विकसित देशांनी निधी जमवण्यात पुढाकार घेत ‘राहावे’, इथे ‘शुड’ आहे. पहिल्या परिच्छेदात देण्याचे बंधन आहे पण रक्कम नाही. तिसऱ्यात जमवण्याची गोष्ट आहे, जमवणारे जग आहे आणि श्रीमंत देश केवळ आघाडीवर आहेत. पुढची सगळी भांडणे आपला परिच्छेद कोणता यावरून झाली.

बाकूचा निर्णय त्याचा नमुना म्हणून ओळीओळीने वाचण्याजोगा आहे. विकसनशील देश वर्षाला १३०० अब्ज डॉलर मागत होते. निर्णयात तो आकडा आहे. पण त्याचे क्रियापद ‘आवाहन करते’ आणि कर्ता ‘सर्व घटक’: म्हणजे सरकारे, बँका, कंपन्या, कोणीही, पर्यायाने कोणीही नाही. पुढच्याच परिच्छेदात ‘निर्णय घेते’ हे वजनदार क्रियापद येते, आणि त्याला जोडलेली रक्कम आहे २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर. तिथेही ‘विकसित देश देतील’ असे नाही. ‘विकसित देश पुढाकार घेत असताना’ असे उद्दिष्ट ठरवले, एवढेच. मोठ्या आकड्याला दुबळे क्रियापद आणि बेपत्ता कर्ता, लहान आकड्याला सबळ क्रियापद आणि अर्धा कर्ता. मथळे लिहिणाऱ्यांनी ज्याला जो हवा तो आकडा घेतला. हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत या निर्णयाला दृष्टिभ्रम म्हटले, ते याच रचनेमुळे.

कर्म, म्हणजे बहुतेक वेळा पैसा

मोठ्या आकड्यांच्या एककांची आधी खातरजमा करावी. इंग्रजी बिलियन म्हणजे १०० कोटी, अर्थात एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ३०० बिलियन म्हणजे ३० हजार कोटी डॉलर आणि १.३ ट्रिलियन म्हणजे एक लाख ३० हजार कोटी डॉलर. या रूपांतरात एक शून्य इकडचे तिकडे झालेले अनेकदा छापून येते, त्यामुळे मूळ आकडा शेजारी लिहून घेणे बरे.

त्यानंतर रकमेला पुढचे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर निर्णयात सापडले नाही तर ते मुद्दाम दिलेले नाही असे समजायचे.

पैसा दिला जाणार की जमवला जाणार? देणे म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून. जमवण्यात खासगी गुंतवणूकही येते, म्हणजे सरकारने हमी दिली आणि त्यामुळे एखाद्या कंपनीने सौरप्रकल्पात पैसे घातले, तर तेही हिशेबात धरतात. गुंतवणूक नफ्यासाठी होते, म्हणून ती वीजनिर्मितीकडे जाते. समुद्राची भिंत उंच करणे किंवा वादळाची पूर्वसूचना पोहोचवणे यांतून नफा निघत नाही, तिथे ती फारशी फिरकत नाही. अनुकूलनासाठीचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा, पैसा नेहमी तोकडा पडतो तो यामुळे.

अनुदान की कर्ज? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना ही श्रीमंत देशांची संस्था १०० अब्जांचा हिशेब ठेवत असे. तिच्या मते हे वचन २०२० मध्ये पूर्ण व्हायचे होते, तेव्हा रक्कम ८३.३ अब्ज होती. २०२१ मध्ये ८९.६ अब्ज; आणि २०२२ मध्ये ११५.९ अब्ज, म्हणजे वचन दोन वर्षे उशिरा पुरे झाले. त्या वर्षीच्या सार्वजनिक पैशात सुमारे ६९ टक्के कर्जे आणि सुमारे २८ टक्के अनुदाने होती. कर्ज परत करावे लागते. तरी हिशेबात त्याची पूर्ण रक्कम धरली जाते. ऑक्सफॅम या गरिबीविरोधात काम करणाऱ्या संस्थेने त्याच वर्षाचा हिशेब कर्जातल्या खऱ्या सवलतीपुरता आणि हवामानाशी खरोखर संबंधित भागापुरता केला, तेव्हा आकडा २८ ते ३५ अब्ज डॉलरांच्या दरम्यान आला. कोणता हिशेब बरोबर, हे ‘मदत’ या शब्दाचा तुम्ही काय अर्थ लावता त्यावर ठरेल. पण पूर आलेल्या देशाने पुराचा खर्च व्याजाने उचलायचा आणि त्याला मदत म्हणायचे, हे शब्दांशी खेळणे आहे असे मला वाटते.

नवा की जुनाच? १९९२ च्या करारात ‘नवा आणि अतिरिक्त’ पैसा असे शब्द आहेत. विकासमदतीच्या अंदाजपत्रकातून शाळा-दवाखान्यांचा पैसा काढून त्याच्यावर हवामानाचे लेबल लावले तर तो अतिरिक्त नसतो. मात्र ‘अतिरिक्त’ कशाच्या तुलनेत, याची एकमान्य व्याख्या आजतागायत झालेली नाही.

कोणत्या वर्षापासून, कोणत्या वर्षापर्यंत? ग्लासगोमध्ये विकसित देशांना अनुकूलनाचा निधी २०१९ च्या पातळीवरून २०२५ पर्यंत किमान दुप्पट करण्याचा आग्रह झाला. क्रियापद मध्यम, पण कर्ता स्पष्ट, आधारवर्ष स्पष्ट, मुदत स्पष्ट. २०२५ च्या नोव्हेंबरात ब्राझीलमधील बेलेम येथे हाच निधी २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी ‘प्रयत्नांचे आवाहन’ झाले. तिप्पट हा शब्द दुपटीपेक्षा मोठा आहे, परंतु मुदत पाच वर्षांनी नव्हे तर दहा वर्षांनी पुढे गेली आणि कशाच्या तिप्पट हे ठळकपणे लिहिलेले नाही. मुदतीचा आणखी एक परिणाम महागाईचा. वर्षाला ३ टक्के महागाई धरली, तर २०३५ मधले ३०० अब्ज डॉलर म्हणजे २०२४ च्या भावाने सुमारे २१७ अब्ज. हा हिशेब घरच्या गणकयंत्रावर दोन मिनिटांत होतो आणि निर्णयातील कोणताही परिच्छेद तो करून दाखवत नाही.

शेवटी, जाहीर झाला की हाती पडला? विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामांना पैसा पुरवणाऱ्या हरित हवामान निधीला २०१४ मध्ये अमेरिकेने ३ अब्ज डॉलर जाहीर केले. २०१७ च्या जानेवारीपर्यंत त्यातला १ अब्ज पोहोचला आणि मग सरकार बदलले. पुढचा १ अब्ज २०२३ मध्ये आला. घोषणा, लेखी करार, प्रकल्पाला मंजुरी आणि प्रत्यक्ष वितरण या चार पायऱ्या आहेत, आणि बातमी नेहमी पहिल्या पायरीची असते.

हानी आणि नुकसान यांच्या, म्हणजे हवामान बदलामुळे झालेल्या आणि टाळता न येणाऱ्या नुकसानीसाठीच्या, निधीकडे या सगळ्या प्रश्नांनिशी पाहण्यासारखे आहे. बेटांच्या राष्ट्रांनी ही मागणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लावून धरली होती. पॅरिस करारात तिला आठवे कलम मिळाले, पण सोबतच्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात हे कलम कोणत्याही दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार होऊ शकत नाही असे लिहून श्रीमंत देशांनी दार लावून घेतले. २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेखला निधी स्थापन झाला, २०२३ मध्ये दुबईत पहिल्याच दिवशी तो कार्यान्वित झाला. त्यात पैसे देण्याविषयीचे वाक्य विकसित देशांना ‘आग्रह’ करते आणि इतरांना स्वेच्छेने ‘प्रोत्साहन’ देते. ‘देतील’ कुठेही नाही. पहिल्या दोन वर्षांत जाहीर झालेली एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या आतच राहिली.

विशेषणे आणि पळवाटा

दुबईच्या निर्णयात १९६ परिच्छेद आहेत; जगभर गाजला तो अठ्ठाविसावा. ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा निर्णय’ अशी त्याची बातमी झाली. प्रत्यक्ष वाक्यात परिषद पक्षकारांना पुढील जागतिक प्रयत्नांना ‘हातभार लावण्याचे आवाहन’ करते, तेही प्रत्येक देशाने स्वतः ठरवलेल्या पद्धतीने, आणि आपापली परिस्थिती, मार्ग व दृष्टिकोन विचारात घेऊन. मग यादी येते, आणि तिच्यात ‘ऊर्जाव्यवस्थांमध्ये’ जीवाश्म इंधनांपासून न्याय्य, सुव्यवस्थित आणि समन्यायी रीतीने दूर जाणे हे एक कलम आहे. ‘ऊर्जाव्यवस्थांमध्ये’ या एका शब्दाने प्लास्टिक आणि खते बाहेर राहिली. लगेच पुढचा, एकोणतिसावा परिच्छेद सांगतो, की संक्रमणकाळातील इंधने यात भूमिका बजावू शकतात. हे नैसर्गिक वायूचे सौम्य नाव. हे सगळे असूनही त्या वाक्याला मोल आहे, कारण तोवरच्या जवळजवळ तीस वर्षांत या परिषदांच्या मुख्य निर्णयात जीवाश्म इंधने या सर्वसमावेशक नावाने कधी अशी आलीच नव्हती. बेलेमच्या मुख्य निर्णयात ती पुन्हा दिसत नाहीत. आधीच्या परिषदांचे कागद शेजारी ठेवल्याशिवाय अशी अनुपस्थिती लक्षात येत नाही.

अशी गाळणीची काही पदे पाठ करून ठेवावीत: ‘योग्य असेल तेथे’, ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’, ‘इतर बाबींसह’, ‘शक्य तितके’. कोळशाच्या आधी ‘उत्सर्जन न रोखलेला’ असे विशेषण असेल तर धूर पकडणारी यंत्रे बसवलेला कोळसा चालेल. अनुदानांच्या आधी ‘अकार्यक्षम’ असेल तर आपली अनुदाने कार्यक्षम आहेत असे म्हणायला प्रत्येक देश मोकळा.

ग्लासगोचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. शेवटच्या सभेत कोळशाचा वापर ‘टप्प्याटप्प्याने बंद’ ऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ अशी दुरुस्ती भारताच्या मंत्र्यांनी वाचून दाखवली आणि अध्यक्षांना सभेची माफी मागताना हुंदका आवरला नाही. दोष एकट्या भारतावर आला. परंतु मजकूर पाहिला तर दिसते, की मसुद्यात फक्त कोळशाला हात घातला होता. तेल आणि वायू, ज्यांवर श्रीमंत देशांची अर्थव्यवस्था चालते, त्यांच्या वापराबद्दल तिथे अवाक्षर नव्हते. कोणाचे इंधन नावानिशी आले आणि कोणाचे आले नाही, हे पाहणेही वाचनाचाच भाग आहे.

हातोड्यानंतरची भाषणे

परिषदेत मतदान होत नाही. मतदानाचा नियम १९९० च्या दशकात वादात सापडला, तो आजही स्वीकारला गेलेला नाही, म्हणून सगळे निर्णय सर्वसहमतीने होतात. सर्वसहमती म्हणजे सगळ्यांचे ‘होय’ नव्हे. कोणी औपचारिक हरकत घेतली नाही असे अध्यक्षांना दिसणे. कधी अध्यक्षांना हरकत दिसतच नाही. २०१० मध्ये कानकुनला बोलिव्हियाने उघड विरोध केला तरी हातोडा पडला. २०१२ मध्ये दोहात रशिया बोलू पाहत असताना पडला. २०२३ मध्ये दुबईत हातोडा पडला तेव्हा लहान बेटांच्या गटाचे प्रतिनिधी सभागृहात पोहोचलेही नव्हते, आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्या सामोआच्या प्रतिनिधीने नंतर ते शांतपणे नोंदवले तेव्हा सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. निर्णय मात्र झालेला होता.

म्हणून समारोपाच्या सभेचे चित्रण शक्य असेल तर पाहावे. त्यात कोण कोणाच्या वतीने बोलते ते ओळखता आले पाहिजे. जी-७७ आणि चीन हा १३० हून अधिक विकसनशील देशांचा गट. त्याच्या पोटात अत्यल्प विकसित देश, लहान बेटे, आफ्रिकी गट, अरब गट असे हितसंबंध वेगळे असलेले समूह आहेत. तेल विकणारा देश आणि समुद्रात बुडत चाललेले बेट एकाच गटात बसतात, आणि पैशाच्या प्रश्नावर एका सुरात बोलतात, इंधनाच्या प्रश्नावर नाही. ‘विकसनशील देशांची भूमिका’ असे एकवचनी वाक्य कुठे वाचले, तर कोणत्या विषयावरची, हे विचारावे.

वर्षभर काय पाहावे

निर्णय पाळला नाही तर काय होते? पॅरिस कराराच्या पंधराव्या कलमातील समिती साहाय्यक स्वरूपाची आहे, दंड करणारी नाही. शिक्षेची तरतूद नाही, तेव्हा उरतो तो हिशेब. पारदर्शकतेचे द्वैवार्षिक अहवाल २०२४ अखेरपासून सुरू झाले आहेत आणि ते सर्वांना खुले आहेत: विकसित देशाच्या अहवालात दिलेल्या पैशाचे तक्ते पाहावेत, विकसनशील देशाच्या अहवालात मिळालेल्या पैशाचे. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत हे शोधण्यात एखादी दुपार सहज जाते.

देशांच्या स्वनिर्धारित योगदानांची, म्हणजे प्रत्येक देशाने स्वतः ठरवून सादर केलेल्या हवामान-योजनांची, नोंदवहीही सचिवालयाच्या संकेतस्थळावर आहे. विकसनशील देशाचा कागद उघडला की त्यात बहुधा दोन भाग दिसतील: स्वतःच्या बळावर काय करू, आणि बाहेरून पैसा व तंत्रज्ञान आले तर आणखी काय करू. दुसऱ्या भागातले आकडे लिहून घ्यावेत, कारण बाकूच्या ३०० अब्जांवर त्यांचेच भवितव्य टांगलेले आहे. आणि पुढच्या परिषदेची चाहूल हवी असेल तर नोव्हेंबरची वाट पाहू नये; जूनमध्ये जर्मनीतील बॉन येथे परिषदेची पूर्वतयारी करणाऱ्या सहायक मंडळांची बैठक भरते, तिथे कार्यसूचीवरच कधी कधी एक-दोन दिवस भांडण चालते. वित्ताचा विषय सूचीत स्वतंत्र येतो की दुसऱ्या एखाद्या विषयाखाली ढकलला जातो, एवढे तिथे पाहिले तरी पुढचे पाच महिने कसे जाणार याचा अंदाज येतो.